नाव आपलं, वही आपली

(घाटंजी इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो त्याच क्रमानं लिहून काढलं आहे.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज मी कविता वाचणार नाही. आज मी तुम्हाला एक यंत्र बसवायला सांगणार आहे. हसू नका. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, न्हावाशेव्याला कंत्राटी लॅशिंग कामगार. जहाजावर एकावर एक डबे चढतात, त्यांना लोखंडी सळ्या लावून आवळायचं आणि बंदर आलं की सोडवायचं, हे माझं काम. मी इंजिनियर नाही, आणि म्हणूनच सांगतोय. जे मला जमलं ते इथं कॉम्प्युटरचे कोर्स करून बसलेल्या पोरापोरींना जमत नसेल, तर मग सर्टिफिकेटाच्या गुंडाळ्या कशाला सांभाळायच्या?

विषय दिसायला चिमूटभर आहे. लांबलचक लिंक छोटी करायची. फक्त ती दुसऱ्याच्या दारात जाऊन करायची नाही. आपल्या लिनक्सच्या मशीनवर, आपल्या नावानं करायची.

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? सांगतो.

आपला अंक कागदावर निघतो. कागदावर बोट दाबून काही उघडत नाही. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. त्यातले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर फुकट वाचता येतात. चांगली गोष्ट. पण त्या फायलीचा पत्ता अंकात छापायचा तर दीड ओळ जाते. तिरप्या रेघा, टक्क्याची खूण, आकडे. पारव्याचा एखादा पोरगा अंक मांडीवर ठेवून मोबाइलवर ते टाइप करतो, एक अक्षर चुकतं आणि पडद्यावर येतं, 'सापडलं नाही'. तो दुसऱ्यांदा करत नाही. आपण म्हणतो, पोरं वाचत नाहीत. अरे, दार उघडलंच नाही तर वाचतील कसे?

मग कोणी म्हणतं, क्यूआर छापा. छापा की. पण क्यूआर म्हंजे तीच लिंक काळ्यापांढऱ्या चौकोनांत काढलेली. लिंक जेवढी लांब तेवढे चौकोन जास्त आणि बारीक. आपली पत्रकं झेरॉक्सवर निघतात, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स निघते. बारीक चौकोन एकमेकांत मिसळले की कॅमेरा आंधळा होतो. लिंक छोटी असेल तर चौकोन मोठे राहतात आणि भिंतीवर उन्हापावसात चिकटवलेलं पत्रकही वाचलं जातं. म्हंजे दोन्हीकडून छोटी लिंक लागतेच.

आता कोणी म्हणंन, 'काहून बा, येवढा उपद्व्याप कायले? फुकट भेटते ना!'

हो, भेटते. टायनीयूआरएल २००२ पासून आहे, बिटली २००८ पासून. अजून डझनभर आहेत. पण मुंबईतल्या आमच्या काही दोस्तांचं ऐका. त्यांनी एका सभेचं पत्रक काढलं आणि फुकटातल्या एका सेवेची छोटी लिंक छापली. भिंती रंगल्या, लोकलच्या डब्यात वाटप झालं. थोड्या दिवसांनी त्या सेवेनं लिंक आणि पत्रकाच्या मधे स्वतःचं जाहिरातीचं पान घुसडलं. लोक दाबायचे आणि समोर यायचं कर्ज घ्या, पैसे कमवा. आमच्या वस्तीतल्या एका ताईनं फोनच बंद केला. म्हणाली, 'तुमच्या नावानं कोणीतरी लुबाडतंय.' भिंतीवरची पत्रकं परत घेता येतात का? येत नाहीत. छापलेली लिंक म्हंजे दिलेला शब्द. आणि आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडात होता.

हे लहान सेवांचंच होतं असं समजू नका. गूगल घ्या. त्यांची गू डॉट जीएल ही सेवा २००९ ला सुरू झाली. जगभर लोकांनी पुस्तकांत, पत्रकांत, दुकानाच्या पाट्यांवर त्या लिंका छापल्या. २०१८ ला गूगलनं सांगितलं, बंद करतोय, आणि ३० मार्च २०१९ पासून नवीन लिंक बनणं थांबलं. जुन्या चालत होत्या. मग २०२४ ला फर्मान निघालं की २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्याही मरणार. बोंब झाली. ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला थोडी माघार घेतली, म्हणाले, ज्या लिंका वापरात दिसतात त्या ठेवतो, बाकीच्या जाणार. आता सांगा, वापरात कोणत्या, हे कोणी ठरवलं? त्यांनी. एखाद्या खेड्यातल्या वाचनालयात धूळ खात पडलेल्या पुस्तकातली लिंक, जी कोणीतरी दहा वर्षांनी पहिल्यांदा उघडणार होतं, ती त्यांच्या हिशोबात नाहीच.

दुसरी गोष्ट नावाची. डॉट एलवाय हे शेपूट लिबिया देशाचं. तिथल्या नोंदणीवाल्यांनी २०१० ला व्हीबी डॉट एलवाय नावाची एक लिंक छोटी करणारी साइट एका झटक्यात काढून घेतली. म्हणाले, आमच्या कायद्यात बसत नाही. साइटवाले अमेरिकेत, नाव लिबियात, आणि लिंका मेल्या सगळ्या जगात.

यवतमाळ जिल्ह्याच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. शकुंतला रेल्वे आठवा. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अरुंद रूळ, एकशे तेरा किलोमीटर. कापूस आपल्या मातीतला. वेचणाऱ्या बाया आपल्या. गाठी उचलणारे हात आपले. त्या गाडीनं मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईच्या गोदीत आणि गोदीतून जहाजानं विलायतेला. रूळ मात्र किलिक निक्सनच्या कंपनीचे. स्वातंत्र्य आलं, झेंडा बदलला, तरी कितीतरी दशकं सरकारची रेल्वे त्या रुळांवर गाडी चालवायची आणि कंपनीला पैसे मोजायची. रुळांची दुरुस्ती कोणी करायची यावरून घोळ चालू राहिला आणि गाडी थकत थकत बंद पडली. गाडी आपली असून भागत नाही, दोस्त हो. रूळ कोणाचे, हा पहिला प्रश्न असतो.

१९२० सालच्या ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. मग बाबासाहेबांनी काय केलं? एका पत्रापाठोपाठ दुसरं पत्र काढलं, आणि पुढं छापखाना उभा केला. लेख लिहून ते थांबले नाहीत, खिळेही आपले हवेत हे त्यांना कळलं होतं. मी आज जे सांगतोय ते खिळ्यांबद्दलच आहे.

आता हे यंत्र काम कसं करतं ते माझ्या धंद्यातून सांगतो.

बंदरात येणाऱ्या प्रत्येक डब्यावर नंबर रंगवलेला असतो. चार अक्षरं आणि सात आकडे. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं अक्षर डब्याच्या जातीचं, मग सहा आकडे, आणि शेवटचा आकडा आधीचं सगळं बरोबर आहे का हे तपासायचा. डब्यात काय आहे, कुठून आलं, कुठं जायचं, हे काही डब्यावर लिहिलेलं नसतं. ते वहीत असतं. पूर्वी टॅली क्लार्कच्या हातात वही असायची, आता कॉम्प्युटरात आहे. गेटवर नंबर बघितला, वहीत शोधला, सांगितलं, अमुक यार्डात जा. संपलं.

छोटी लिंक म्हंजे हेच. पहिला भाग मालकाचं नाव, त्याला डोमेन म्हणतात. तिरप्या रेघेनंतर दोनतीन अक्षरांचा नंबर. सर्व्हर म्हंजे गेट. डेटाबेस म्हंजे वही. वाचक गेटवर नंबर सांगतो, सर्व्हर वहीत बघतो आणि ब्राउझरला म्हणतो, 'तीनशे एक, तिकडं जा.' तीनशे एक हा इंटरनेटचा ठरलेला इशारा आहे. अर्थ असा, की पत्ता कायमचा हलला. नवा पत्ता सोबत दिलेला असतो. ब्राउझर तिकडं पळतो. एवढंच यंत्र. यात जादू नाही आणि विलायती मेंदूही लागत नाही.

हे काम करणारे तयार प्रोग्राम आहेत, फुकट आणि उघडे, म्हंजे आतली लिहिणावळ कोणालाही वाचता येते. मी योअर्ल्स नावाचा वापरतो. २००९ पासून चालू आहे, पीएचपीत लिहिलेला आहे, वही मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीत ठेवतो. आता बसवायचं कसं ते क्रमानं घ्या. पडद्यावर अक्षरं रोमनच टाइप करायची, मी उच्चार सांगतो.

पहिलं, नाव विकत घ्या. छोटं, तोंडानं सांगता येईल असं. डॉट इन घ्या. नागरीतलं डॉट भारतही २०१४ पासून मिळतं आणि मराठीत चालतं. पण योअर्ल्स मूळ रूपात तिरप्या रेघेनंतर फक्त आकडे आणि रोमन अक्षरं घेतो, तेव्हा अर्धं नागरी अर्धं रोमन टाइप करताना वाचकाची दमछाक होईल. बसून ठरवा.

दुसरं, मशीन. घरातला जुना कॉम्प्युटर चालेल का? शिकायला फक्कड चालेल. पण लोकांसाठी ठेवायचा तर दोन अडचणी. इथली लाइट तुम्हाला माहीत आहे. आणि मोबाइलच्या नेटवर, बऱ्याच घरगुती जोडण्यांवरही, बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळत नाही. म्हणून छोटासा सर्व्हर महिन्याच्या भाड्यानं घ्या, त्यावर डेबियन किंवा उबुंटू लिनक्स टाका. या कामाला सगळ्यात बारकं मशीन पुरतं. मग डोमेनच्या नोंदीत 'ए' रेकॉर्ड भरून त्या मशीनचा आकडी पत्ता द्या.

तिसरं, मशीनवर आत शिरून आधी सुडो ॲप्ट अपडेट. मग त्याच ॲप्टनं अपाचे, मारियाडीबी सर्व्हर, पीएचपी, आणि पीएचपीला मायएसक्यूएलशी बोलायला लावणारा जोड बसवा. अपाचेचं रीराइट मॉड्यूल चालू करा आणि साइटच्या नोंदीत अलाउ ओव्हरराइडला 'ऑल' द्या. हे राहिलं तर गंमत होते. ॲडमिनचं पान उघडतं, लिंक बनते आणि छोटी लिंक दाबली की चारशे चार. असं झालं की दुसरीकडं शोधत बसू नका, इथंच बघा.

चौथं, कुलूप. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, सर्टबॉट नावाचा प्रोग्राम ते आणून लावतो. ते थोड्या महिन्यांत संपतं, पण सर्टबॉट वेळ आली की आपोआप नवं घेतो. घेतो की नाही ते एकदा ड्राय रन करून बघून ठेवा. फायरवॉलमधून तीनच दारं उघडी ठेवा, बावीस, ऐंशी आणि चारशे त्रेचाळीस.

पाचवं, वही. मारियाडीबीत एक डेटाबेस करा आणि एक नवा युजर करा, ज्याचा अधिकार फक्त त्या एका डेटाबेसवर. रूटचा पासवर्ड कुठल्याही प्रोग्रामच्या हातात द्यायचा नाही. मुकादमाला गोदामाची एक किल्ली देतात, सगळ्या गोदीची देत नाहीत.

सहावं, योअर्ल्सचा फोल्डर उतरवून साइटच्या जागी ठेवा. त्यात युजर फोल्डरमध्ये कॉन्फिग सॅम्पल नावाची फाइल आहे. तिची नक्कल करून नाव कॉन्फिग ठेवा आणि उघडा. डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड भरा. साइटचा पूर्ण पत्ता एचटीटीपीएससकट लिहा, शेवटी तिरपी रेघ नको. कुकी की मध्ये लांबलचक वेडीवाकडी अक्षरं भरा. तुमचं नाव आणि पासवर्ड लिहा. फाइल लिहिता येण्याजोगी असेल तर प्रोग्राम पहिल्याच वेळी तो पासवर्ड न वाचता येणाऱ्या रूपात बदलून टाकतो. 'प्रायव्हेट' ही ओळ 'ट्रू'च राहू द्या. ती उघडी सोडली तर दोन दिवसांत जगातले लुबाडे तुमच्या नावानं लिंका बनवतील आणि बदनाम तुम्ही व्हाल.

अक्षरांचा हिशोबही इथंच ठरतो. छत्तीस की बासष्ट? छत्तीस म्हंजे दहा आकडे आणि सव्वीस छोटी अक्षरं. बासष्टमध्ये मोठी अक्षरंही येतात. कागदावर छापणाऱ्यानं छत्तीसच घ्यावं. छोटं एल की मोठं एल, यात वाचक अडकायला नको. तीन जागांत छत्तीसच्या हिशोबानं ४६,६५६ लिंका होतात. आपल्या पाच पिढ्यांना पुरतील.

सातवं, ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढं ॲडमिन लिहून उघडा. इन्स्टॉलचं बटण दिसेल, दाबा. तक्ते तयार होतात. आत शिरा, लांब लिंक टाका, तिला हवं ते छोटं नाव द्या. मग टर्मिनलवर कर्ल, डॅश, मोठं आय, आणि तुमची छोटी लिंक. पहिल्या ओळीत तीनशे एक आणि खाली लोकेशनपुढं खरा पत्ता दिसला की गेट चालू झालं. फक्त लक्षात ठेवा, पुढं पत्ता बदलला तर आधी येऊन गेलेल्या वाचकाचा ब्राउझर जुनाच पत्ता धरून बसू शकतो, कारण आपण त्याला 'कायमचं' असं सांगितलंय.

इथपर्यंत एक रविवार पुरतो. आता जे सांगतो त्याला पूर्ण बैठक लागेल.

गेट आपलं झालं म्हंजे वहीही आपली झाली. आणि योअर्ल्स न सांगता एक वही लिहायला लागतो. कोणती लिंक, किती वाजता, कुठल्या पानावरून आला, कुठला ब्राउझर, आणि मशीनचा आकडी पत्ता, ज्याला आयपी म्हणतात. कंपन्या हेच लिहितात म्हणून आपण शिव्या देतो. मग आपण लिहिलं तर? मोर्चाचं पत्रक कोणी उघडलं, पगाराच्या तक्रारीचा अर्ज कोणी उतरवून घेतला, कोणत्या बाईनं रात्री दोन वाजता कायद्याची मदत शोधली, हे आपल्या वहीत का असावं? गोदीत मी बघतो, कंत्राटदाराची माणसं कोण कोणाशी बोललं ते टिपून ठेवतात. त्यांच्या वहीचा राग येतो ना? मग आपली वही तशी नको. उद्या चोरानं मशीन फोडलं किंवा कोणी कागद दाखवून वही मागितली, तर जे लिहिलंच नाही ते कोणाला देता येत नाही.

त्याला उपाय एका ओळीचा आहे. कॉन्फिगमध्ये योअर्ल्स नोस्टॅट्स ही ओळ घालून 'ट्रू' करा. मग किती जणांनी दाबलं हा एकूण आकडा राहतो, कोणी दाबलं ते राहत नाही. आपल्याला आकडाच पाहिजे. आणि अपाचेची स्वतःची वेगळी वही असते, तिच्यातही आयपी उतरतो. तीही बदला, पत्ता न लिहिणारी करा, नाहीतर थोड्याच दिवसांची ठेवा. पुढचं दार बंद आणि मागचं उघडं, असं करू नका.

मघाशी जेवताना इथला एक दादा मला म्हणाला, 'सर्व्हर भाड्याचा, नावबी वर्साच्या भाड्याचं. मंग आपलं काय हाये?' खरं बोलला. आपल्या मालकीचा समुद्र नाही, दादा. पण जहाज बदलतं, क्रेन बदलते, बंदर बदलतं, तरी डब्यावरचा नंबर तोच राहतो आणि वही हातात असली की माल हरवत नाही. भाडेवाल्यानं सर्व्हर बंद केला तर दुसऱ्याकडं जायचं, वही उतरवायची, 'ए' रेकॉर्ड बदलायचा, आणि छापलेली प्रत्येक लिंक पुन्हा चालू. कंपनीच्या छोट्या लिंकेला हे करता येत नाही, कारण तिचं नावही कंपनीचं आणि वहीही कंपनीची.

म्हणून वहीची नक्कल रोज रात्री निघाली पाहिजे. मायएसक्यूएल डंप नावाची आज्ञा आहे, ती क्रॉनमध्ये लावा. नक्कल त्याच मशीनवर ठेवू नका. दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना जून २०१६ मध्ये पहाटे पाडला गेला, ते आठवा. जे एकाच जागी असतं ते एका रात्रीत जातं. एक नक्कल घाटंजीत, एक मुंबईत. आणि महिन्यातून एकदा ती नक्कल कोऱ्या मशीनवर उतरवून बघा. न उघडून बघितलेली नक्कल म्हंजे न मोजलेली मजुरी.

नावाचंही तसंच. डोमेन एका माणसाच्या खासगी ईमेलवर घेऊ नका. तो माणूस रुसला, लग्न होऊन गेला, कामासाठी सुरतेला गेला, फोन हरवला, की नूतनीकरण राहतं. मुदत संपली की ते नाव कोणीही उचलतो आणि आपल्या सगळ्या जुन्या पत्रकांतून वाचक थेट त्याच्या दुकानात. निदान दोघांकडं किल्ली पाहिजे, त्यातली एक तरी पोरीकडं, आणि तारीख अंकाच्या हिशोबवहीत लिहिलेली पाहिजे. वर्गणीतून पहिला खर्च नावाचा, मग चहाचा.

शेवटचं. लोक छोट्या लिंकेला घाबरतात, आणि घाबरावंच. ट्रायनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेल्या लिंका असलेले एसएमएस अडवायला सांगितलं, ते फसवणुकीमुळंच. म्हणून आपल्या अंकात छोट्या लिंकेच्या शेजारी एक ओळ छापा, ही कुठं जाते. बाबासाहेबांचा खंड, अमुक मंत्रालयाची साइट. झाकून काही नको. सवय लागू द्या वाचकाला, की हे नाव दिसलं म्हंजे सांगितलं तिथंच जाणार.

कोणाकोणाकडं लॅपटॉप आहे, हात वर करा. चार. पुरे. उद्या दुपारी बाराच्या गाडीनं मला यवतमाळ गाठायचंय. सकाळी सातला या. नाव काय घ्यायचं ते आज रात्रीच भांडून ठरवा.